सखाहरी वक्त्यांना ओळखतात

सखाहरी म्हाळू वाघचौरे, वय वर्षे त्रेपन्न, हे बाभूळखेड गावच्या वाचनालयात दारावर बसत. भोळेपणात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सांगितलेले तंतोतंत करावे, एवढेच ते जाणत.

एका रविवारी वाचनालयात पुस्तकचर्चा ठरली. पुस्तकाचा विषय होता, अनोळखी माणसाला ओळखताना आपण कसे चुकतो. वक्ते गद्रे सर परगावचे. त्यांना गावात कोणी पाहिलेले नव्हते. वाचनालयाचे अध्यक्ष भालचंद्रपंत म्हणाले, "सखाहरी, सरांना एसटीच्या थांब्यावरून घेऊन ये. आज घोळ घातलास, तर दारावरचं काम गेलं म्हणून समज."

"ओळखू कसं त्यांना?"

"अरे, विद्वान माणूस लपतो का? झब्बा, झोळी, चष्मा!"

सखाहरी थांब्यावर गेले. झब्बा, झोळी आणि चष्मा असलेला एक गृहस्थ उतरला. सखाहरींनी त्याला आणून व्यासपीठावर बसवले. अध्यक्षांनी त्याला शाल पांघरवली, नारळ दिला. गृहस्थ गहिवरला. मग त्याने झोळीतून पुड्या काढल्या आणि उंदीर मारण्याच्या औषधाचे गुण सांगू लागला. दोन सभासदांनी पुड्या घेतल्याही.

अध्यक्षांनी सखाहरींना बाजूला ओढले. "गाढवा, वेशावरून माणूस ओळखतात का? आधी नीट चौकशी करावी!"

सखाहरींनी हे मनावर घेतले व ते दारात उभे राहिले. पहिल्या आल्या इंदुताई, खुद्द अध्यक्षांच्या पत्नी.

"आपण कोण?"

"अहो भाऊ, सकाळीच माझ्या हातचा चहा प्यालात ना?"

"प्यालो. पण साडीवरून मी आता कोणाला ओळखत नाही. वडिलांचं नाव?"

"काय चाललंय हे? मी यांची बायको आहे हो!"

"असं तुम्ही म्हणता. पुरावा?"

इंदुताई दहा मिनिटे उन्हात उभ्या होत्या. अध्यक्ष धावत आले. "अरे, माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय ना? मग ते मुकाट मानावं!"

इतक्यात मोटारसायकलवरून, धुळीने माखलेले गद्रे सर आपले आपण येऊन पोहोचले. अध्यक्ष पत्नीची समजूत घालण्यात गुंतले होते.

"मी गद्रे," सर म्हणाले.

सखाहरींनी हात जोडले. "म्हणजे ते विद्वान आपणच?"

"छे हो! कसला विद्वान? मला काय येतंय? तुमच्यासारख्यांनी बोलावं आणि मी कोपऱ्यात बसून ऐकावं, एवढीच माझी योग्यता."

सखाहरींना वाईट वाटले. परंतु मानणे भाग होते. त्यांनी सरांना मागच्या कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांआड नेऊन बसवले. विनयी माणूस, निमूट बसला.

सभा तासभर ताटकळली. अखेर अध्यक्षांनी विचारले, "सखाहरी, सर आलेच नाहीत का रे?"

"आले की. पण त्यांना काही येत नाही, असं तेच म्हणाले. ऐकायला बसवलंय."

अध्यक्षांनी भर सभेत कपाळावर हात मारून घेतला. "मूर्ख तू नाहीस रे, मूर्ख मी! तुला दारावर बसवणारा मीच एक नंबरचा मूर्ख!"

सखाहरी गंभीर झाले. माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता. सभेचा वृत्तांत बाहेरच्या फळ्यावर लिहिणे हेही त्यांचेच काम. चर्चा आटोपताच त्यांनी खडू घेतला आणि वळणदार अक्षरांत लिहिले:

'आज पुस्तकचर्चा झाली. अध्यक्ष भालचंद्रपंत हे एक नंबरचे मूर्ख आहेत. हे त्यांनी स्वतः सांगितले असून वाचनालयाने ते मान्य केले आहे.'

दुसऱ्या दिवसापासून सखाहरी आत बसून पुस्तकांना कव्हरे घालतात. दारावर स्वतः अध्यक्ष बसतात.