तळकोठीची खोली

एका राज्यात, समुद्राच्या अगदी उशाशी, जमिनीच्या पोटात एक कोठी होती. तिला तळकोठी म्हणत. राजा धैर्यसेनाच्या वडिलांनी ती खणली, आणि खणली ती चोरीचा माल ठेवायला. एका जलमांत्रिकेचा शंख त्यांनी नुसता पाहायला म्हणून घेतला आणि कोठीच्या तळाशी नेऊन ठेवला. ती मागायला आली तेव्हा त्यांनी विचारलं, "कसला शंख?"

मांत्रिका म्हणाली, "तू लपवलंस ते आता समुद्र लपवील. कोठीतलं पाणी उपसून माझा शंख मला परत मिळेपर्यंत दर अमावास्येला तुझ्या राज्यातली एक विहीर खारी होईल."

त्याच घटकेला समुद्र कोठीत शिरला. राज्यात विहिरी तीनशे होत्या, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्याकडे नाकातोंडात पाणी जाईपर्यंत पाणी किती आहे हे विचारायची पद्धत नाही. धैर्यसेन जागा झाला तेव्हा गोड्या विहिरी तीनच उरल्या होत्या.

मग त्यानं रायाजी उपसेकऱ्याला बोलावलं. पाणी उपसणाऱ्यांचा हा मुख्य. या मंडळींची एक रीत होती. खोली दोरीनं मोजायची नाही, कानानं मोजायची. पोकळ वेळू पाण्यात उभा धरायचा, वरच्या तोंडाला कान लावायचा, काशाची गोळी सोडायची आणि ती तळाला ठण्ण करून लागेपर्यंत अंक मोजायचे. त्यावरून किती परस ते सांगायचं. हात उंच करून माणूस उभा राहिला की एक परस. दोरी फक्त नवशिक्यांनी धरावी. जाणत्यानं धरली तर त्याला 'दोरीवाला' म्हणत, आणि त्याहून मोठी शिवी त्यांच्यात नव्हती.

रायाजीचा कान सात राज्यांत गाजलेला. पण गेली चार वर्षं तो जड झाला होता. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलू लागले तेव्हा लोक उद्धट झाले आहेत असं त्यानं ठरवून टाकलं.

किनाऱ्यावरच्या कपारीत पाणी उपसायची यंत्रं होती, आणि त्यांचा राखणदार होता एक पाणकावळा. तो बोलत असे. आवाज इतका कर्कश की तेवढा रायाजीला ऐकू येई. पाणकावळा म्हणाला, "तीन यंत्रं देईन, चौथं नाही. दर वेळी तीन गोष्टी विचारीन. पाणी कसलं, उपसा किती, खोली किती. उत्तर तुझं, दोषही तुझा."

रायाजीनं वेळूला कान लावला. गोळी सोडली. काहीच ऐकू आलं नाही. सारं नगर बघत होतं. तो उठला आणि म्हणाला, "पाच परस."

पाणकावळा म्हणाला, "पाच परसांना शोषनळ पुरे. तो वर बसतो आणि खालचं ओढतो. त्याहून खोलचं ओढायचा दम त्याच्यात नाही."

तांब्याचा शोषनळ आपला आपण पाणी ओढू लागला. पाणी पाच परस उतरलं आणि तिथंच थांबलं. भरती आली आणि कोठी पुन्हा काठोकाठ भरली. अमावास्येला एक विहीर गेली.

दरबारात राजानं गरजून विचारलं, चूक कुणाची. रायाजीजवळ त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी उभी होती, साळू. तिला त्यानंच शिकवलेलं, तिच्याएवढं हुशार हाताखाली कोणी नव्हतं. रायाजीनं तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हिनं नळाचे सांधे ढिले बसवले."

साळूनं काकाकडे पाहिलं. बोलायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. तिचा उपसेकऱ्याचा कंबरपट्टा काढून घेतला आणि तिला मिठागरावर खोरं ओढायला धाडलं. सांगणाऱ्यालाही इथं खाली बघावंसं वाटतं, पण गोष्ट पुढं न्यायलाच हवी.

दुसऱ्या खेपेला रायाजीनं वेळूला कान लावल्याचं नुसतं सोंग केलं आणि भीतीनं आकडा वाढवून सांगितला. दहा परस. पाणकावळ्यानं दहा परस खोल जाणारी पोहऱ्यांची माळ असलेला रहाट दिला. तो बैलांवाचून फिरला. पाणी दहा परस उतरलं, मग पोहरे रिकामे वर येऊ लागले. खाली काळं पाणी तसंच होतं. भरती आली, कोठी भरली, दुसरी विहीर गेली. या वेळी रायाजीनं सांगितलं की पाखरानं माळेच्या कड्या चोरल्या. पाणकावळा एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत राहिला.

आता सगळ्या राज्याला एकच गोडी विहीर होती. माणशी एक तांब्या पाणी मिळे. रायाजी रांगेत उभा असताना एक बाई पुढं आली. कडेवर मूल, मागं बैलगाडीत गाठोडी. तिनं त्याला काहीतरी विचारलं. चार वर्षांच्या सवयीनं रायाजीनं हसून मान हलवली. बाईनं त्याला हात जोडले. मग ती गाडीपाशी गेली आणि एकेक गाठोडं खाली उतरवू लागली.

तेव्हा त्याला कळलं तिनं काय विचारलं होतं. राहू की जाऊ, हेच असणार. आणि त्यानं, काहीही माहीत नसताना, तिला राहा म्हणून सांगितलं होतं. आजवर आपण किती जणांना अशी मान हलवली, हे त्याला आठवेना. त्यानं बाईला गाडी भरून ठेवायला सांगितलं आणि तांब्या न घेताच तो दरबारात गेला.

"महाराज, मला ऐकू येत नाही. पाच परस मी अंदाजानं सांगितले, दहा भीतीनं. साळूचे सांधे घट्ट होते. पाखरानं काही चोरलं नाही."

दरबार हसला की गप्प झाला, त्याला समजलं नाही. त्याला नुसती तोंडं दिसत होती. राजा सिंहासनावरून उतरून त्याच्या कानापाशी आला आणि म्हणाला, "माझ्या वडिलांच्या एका खोट्यानं एवढ्या विहिरी गेल्या, आणि आम्ही त्याला त्यांचं विस्मरण म्हणत आलो. मी तुम्हांला कोणत्या तोंडानं शिक्षा करू?"

साळूला मिठागरावरून आणलं. तिच्या टाचा मिठानं चिरल्या होत्या. रायाजीनं साऱ्या नगरासमोर हातात दोरी घेतली, तिला दगड बांधला आणि सोडली. गर्दीतून 'दोरीवाला' अशी हाक आली असणार, त्याच्या साथीदारांचे ओठ तसे हलले. दोरी सतरा परस भरली. मग साळूनं वेळूला कान लावून गोळी सोडली. तिचेही सतराच आले.

पाणकावळ्यानं तीन गोष्टी विचारल्या. साळू म्हणाली, "पाणी खारं. उपसा दिवसभरात भरती जितकं आत आणते त्याच्या दुप्पट. खोली सतरा परस."

"मग वर बसणारं काही चालायचं नाही," पाणकावळा म्हणाला. "स्वतः तळाशी बुडून पाणी वर ढकलील असं यंत्र घ्या. लोखंडाचं नको, त्याला मीठ खाईल. काशाचं घ्या."

काशाचं यंत्र कासवासारखं पाण्यात उतरलं आणि सात दिवस तळाशी घुमत राहिलं. आठव्या दिवशी कोठी कोरडी झाली. राजा स्वतः पायऱ्या उतरला, शंख घेऊन समुद्रावर गेला आणि म्हणाला, "हा तुमचा. आम्ही चोरला होता." लाटेतून एक हात आला आणि शंख घेऊन गेला. त्याच क्षणी तीनशेच्या तीनशे विहिरी गोड झाल्या. साळू मुख्य उपसेकरी झाली. बाईची गाठोडी घरात गेली.

घरोघर घागरी भरल्या. रायाजीच्याही घरी भरल्या. पण त्यानं घोट घेतला आणि थुंकून टाकला. त्याला पाणी खारंच लागलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. ही शापाची बाकी आहे असं समजून तो कुणाला काही बोलला नाही आणि तहानेनं खंगत चालला.

सहाव्या दिवशी साळू आली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "काका, तुम्हांला ऐकू येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाच परस खोटे आहेत हेही. तुमचा मान राहावा म्हणून मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात दोन विहिरी गेल्या. माझ्याही घरचं पाणी मला खारं लागतंय."

"तुझ्यावर खोटा आळ घेतला हे मी दरबाराला सांगितलं, तुला कधीच नाही," रायाजी म्हणाला. मग त्यानं घागरीतून तांब्या भरला आणि आधी तिच्यापुढं धरला. ती प्याली आणि थुंकली नाही. उरलेलं तो प्याला, आणि मग दोघांनी मिळून अख्खी घागर संपवली.