गळलेल्या टाकीचं पाणी

कोकणच्या किनाऱ्यावर बंदराचं एक लहानसं गाव होतं. तिथे एकदा एक वृद्ध शिक्षक राहत असत. गाव त्यांना केळुसकर सर म्हणून ओळखे. आयुष्यभर त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाला लागून असलेल्या दालनात खाऱ्या पाण्याची एक प्रचंड काचेची टाकी उभी केली. लोकांना नवल वाटलं. समुद्र दाराशी असताना तो काचेत कशाला कोंडायचा? सर म्हणत, "दाराशी आहे म्हणूनच त्याच्या आत कुणी डोकावत नाही."

हळूहळू त्या टाकीतल्या खडकांवर प्रवाळ रुजलं. समुद्रफुलं, म्हणजे फुलांसारखे दिसणारे समुद्रातले जीव, उमलली आणि त्यांच्या बोटांसारख्या पाकळ्यांत नारिंगी-पांढरे विदूषक मासे वस्तीला आले. एक निळाशार मासाही होता. सर काचेशी उभे राहिले की तो नेमका त्यांच्यासमोर येऊन थबके.

सरांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी टाकी आपल्या शिष्येच्या स्वाधीन केली. ती रेवती तांडेल, कोळीवाड्यातली. "मासे मारणाऱ्यांच्या घरातली पोर आता मासे जगवणार!" अशी बाजारात थट्टा झाली. रेवतीने ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशीपासून सर्वांच्या आधी दालन उघडू लागली. बोलून उत्तर देण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

एका सकाळी तिने दार उघडलं आणि पाऊल घोटाभर पाण्यात पडलं. टाकीचा तळाकडचा सांधा सुटला होता. पाणी निम्म्याखाली गेलं होतं आणि अजून जातच होतं. वरचे खडक उघडे पडले होते, समुद्रफुलं आक्रसून मुठीएवढी झाली होती आणि मासे तळाच्या कोपऱ्यात एकमेकांवर दाटले होते.

सर काठी टेकत आले ते थेट टाकीशीच. "आधी उरलेलं पाणी वाचव," एवढंच ते म्हणाले. रेवतीने हाताला लागले तेवढे टब भरले, त्यांत हवेच्या नळ्या सोडल्या, मासे आणि समुद्रफुलं अलगद हलवली, खडकांवर त्याच पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरली. टाकी रिकामी झाल्यावर तिने जुना सांधा खरवडून काढला आणि नवा भरला. तो वाळेपर्यंत ती टबांच्या शेजारीच बसून राहिली. तरीही निळा मासा गेला. रेवती तो ओंजळीत घेऊन सरांपुढे उभी राहिली. सर त्याच्याकडे पाहत म्हणाले, "बाकीच्यांकडे जा."

वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष होते पेडणेकर शेठ. बंदरावर त्यांचा बर्फाचा कारखाना होता. माणूस दुष्ट नव्हता, पण त्यांना झटपट निकालाची सवय होती. ते दालनात आले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "रेवती, उद्या तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक दालन बघायला येतायत. हे असं दाखवणार त्यांना? माझं ऐक. या भिंतीवर मोठा टीव्ही लावू. त्यात मासेच मासे. ना गळायची भीती, ना मरायची."

"शेठ, या टबांतले अजून जिवंत आहेत," रेवती म्हणाली.

"मग उद्यापर्यंत टाकी काठोकाठ भरलेली दिसू दे. नाही दिसली, तर मी समितीत टीव्हीचा विषय मांडणार."

रेवतीने त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. "भरते," ती म्हणाली. "तुमचा टँकर पाठवा."

दुपारी विहिरीच्या गोड्या पाण्याचा टँकर दाराशी लागला. बघ्यांची गर्दी जमली. मासे आणि समुद्रफुलं होती ते टब सोडून बाकीच्या टबांतलं जुनं पाणी टाकीत ओतून झालं होतं, ते अर्ध्यालाही पोचलं नव्हतं. रेवतीने टँकरचा पाइप टाकीच्या काठावर बसवला आणि चालकाला खूण केली. इतक्यात, गेले दोन दिवस जे खुर्चीवरून फारसे उठले नव्हते, ते सर उठले, चालत पुढे आले आणि जमिनीवरून गेलेल्या त्या पाइपवर दोन्ही पाय रोवून उभे राहिले.

पाणी थांबलं. गर्दीत हशा पिकला. शेठ ओरडले, "सर, हे काय पोरासारखं? पडाल!"

"पडेन, पण उतरणार नाही," सर म्हणाले.

रेवतीला काहीच उमजेना. दमलेल्या माणसाला राग लवकर येतो, तसा तिलाही आला. "सर, रोज टाकीचं पाणी कमी होतं, तेव्हा मी गोडंच पाणी घालते ना? तुम्हीच शिकवलंत. एकदा मी समुद्राचं पाणी घालायला निघाले होते, तर तुम्ही माझा हात धरलात. मग आज गोडं पाणी का नको?"

सर पाइपवरून हलले नाहीत. पण आवाज मात्र वर्गातला झाला, शांत आणि स्पष्ट.

"रोज जे कमी होतं ते आटतं, रेवती. ऊन, वारा फक्त पाणी उचलून नेतात, मीठ मागे ठेवतात. म्हणून रोज गोडं पाणी पुरतं. पण हे पाणी आटलेलं नाही, गळलेलं आहे. जाताना ते मीठही घेऊन गेलं. आता वरून गोडं पाणी ओतलंस तर टाकी भरलेली दिसेल, चकाकेल, उद्या चार लोक वाहवा करतील. पण आत समुद्र उरणार नाही. ही समुद्रफुलं अळणी पाण्यात मरतील, भरल्या टाकीत मरतील. आटलेलं गोड्यानं भरतं, बाळ. गळलेलं मात्र ज्याचं गेलं त्याच्याच पाण्यानं भरावं लागतं. त्याला वेळ लागतो, पाठ मोडते आणि तोवर टाकी लोकांना अर्धीच दिसते. ते सोसायची तयारी नसेल, तर हा मी उतरलो."

रेवतीने काठावरचा पाइप काढून जमिनीवर ठेवला.

"शेठ, टँकर परत न्या," ती म्हणाली.

"आणि उद्या?"

"उद्या अर्धी दिसेल."

"अगं, खाडीचं पाणी गढूळ. चांगलं पाणी हवं तर पार बाहेर समुद्रात जावं लागेल. समुद्र काय उचलून आणणार आहेस?"

"हो," रेवती म्हणाली. "हंड्याहंड्यानं."

ती तडक कोळीवाड्यात गेली. तिचे काका होडीवर जाळं विणत बसले होते. टँकरची बातमी वाड्यात आधीच पोचली होती; ती काही विचारायच्या आत ते उठले. "होडी काय इचारूची वस्तू असा गो? चल."

भरतीला त्यांची होडी खाडीच्या मुखापलीकडे गेली, निळं पाणी लागेपर्यंत. पिंपं भरली. परत आल्यावर धक्क्यापासून दालनापर्यंत वाट चढाची होती. रेवतीने पहिला हंडा स्वतः डोक्यावर घेतला. बाजारातून जाताना मागून कुणीसं म्हणालं, "समुद्र चाललाय बघा घरी!" ती थांबली नाही. दुसऱ्या खेपेला तिची काकू सोबत होती. त्यापुढच्या खेपेला मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून वाड्यातल्या बऱ्याच जणी आल्या आणि मग बाजारात कुणाला थट्टा करायचं धाडस झालं नाही. आणलेलं पाणी निवळू द्यायचं, फडक्यातून गाळायचं, खारटपणा मोजायचा आणि मग थोडं थोडं टाकीत सोडायचं. घाई करून चालत नव्हतं. खांदे सुजले, पण तिने गोड्या पाण्याच्या नळाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले तेव्हा टाकी अर्ध्याच्या जराशी वर होती आणि पाणी धुरकट होतं. शेठनी आदल्या संध्याकाळीच टाकीवर टाकायला एक भारी पडदा पाठवला होता. रेवतीने तो घडी करून त्यांच्या हातात परत दिला.

"ही टाकी गळली," ती पाहुण्यांना म्हणाली. "आमचा एक मासा गेला. बाकीचे जगवतोय. पूर्ण भरलेली बघायची असेल तर पुन्हा यावं लागेल. भरतेय कशी ते बघायचं असेल तर आजच थांबा."

मग एका मुख्याध्यापिकेने पदर खोचला आणि विचारलं, "हंडा कुठे आहे?"

शेठ दारातच उभे होते. पांढरं धोतर, हातात घडी केलेला पडदा. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, रागारागाने बाहेर गेले आणि जरा वेळाने कारखान्याची हातगाडी घेऊन आले. "डोक्यावरून किती आणणार?" ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "हिच्यावर पिंप चढवा."

टाकी भरायला पुष्कळ वेळ लागला. पाणी निवळलं, मासे टबांतून घरी परतले. समुद्रफुलं मात्र मूठ सोडीनात. रेवती रोज बघे आणि पुढच्या कामाला लागे. आणि एके दुपारी, दालनात ती आणि सर दोघंच असताना, एका फुलाची पाकळी सुटली. मग दुसरी. विदूषक मासा दुरून घुटमळला, जवळ आला, पुन्हा पळाला आणि शेवटी अंग घुसळत आत शिरला. रेवती जमिनीवरच बसली आणि इतक्या दिवसांत प्रथमच रडली.

पुढे शेठनी विचारलं, "मग, टाकी पूर्वीसारखी झाली असं समितीला कळवू ना?"

"पूर्वीसारखी नाही," रेवती म्हणाली. "निळा मासा नाही आता. पण खारी आहे. जिवंत आहे. असं कळवा."

सर बाजूलाच बसले होते. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी काठी उचलली आणि सावकाश घरी गेले.

आपल्यातलं काही कमी झालं की लोक गोड शब्दांचे टँकर घेऊन येतात; ते आत सोडण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारावं, आटलंय की गळलंय?