पाण्याकडे पाठ

तहानेलेला जीव आणि पाणी, या दोघांच्या मध्ये जो बसून राहतो, त्याला तुम्ही काय म्हणाल?

आणि तो लुटायला नव्हे, केवळ पाहायला बसला असेल तर?

उत्तराची घाई करू नका. अच्युत नाडगौडाने घाईच केली होती.

"महाराज, पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिलांना नेतो, हे आपण स्वतः पाहिले आहे का?"

फाल्गुन सरत होता. सोमगिरी महाराज मठाच्या ओसरीवर आपल्या छाटीला टाका घालीत होते. सुईचे नेढे त्यांना आता दिसत नसे. ते बोटाने चाचपीत.

"पाहिले आहे."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच?"

"पाणी एकदाच प्यालास, तर तहान भागत नाही काय?"

अच्युत हसला नाही. शहरातले विद्वान त्याला या गोष्टीवरून हसले होते. पारव्याएवढा मातकट पक्षी, तो म्हणे सकाळी पाण्यात पोट भिजवतो, उडत माळावर येतो, आणि पिले त्याच्या पिसांतून पाणी चोखतात! आजीबाईच्या गोष्टी, असे ते म्हणाले होते. अच्युताला त्यांच्यापुढे एकच वाक्य उच्चारायचे होते : मी पाहिले.

"त्या वेळी आपण किती वाट पाहिलीत?"

महाराजांनी दोरा दातांनी तोडला.

"आठवत नाही. वाट पाहतो आहे, असे तेव्हा वाटलेच नाही..."

संन्यास घेण्यापूर्वी महाराजांनी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले होते. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी या एका कोरड्या डोंगराला दिले. तरवड केव्हा फुलतो, सालईचा डिंक केव्हा पाझरतो, घोरपड कोणत्या कपारीत ऊन खाते, खोकड आपली पिले कोणत्या बिळातून कोणत्या बिळात हलवते, हे सर्व त्यांनी पाहून ठेवले होते. पाहणे ही त्यांची पूजा होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डोंगर पाहण्याचे हे काम ते लवकरच कोणाच्या तरी हाती देणार, हे सर्वांना ठाऊक होते.

ते हात आपलेच असावेत, अशी अच्युताची इच्छा होती. इच्छा वाईट नव्हती. तिच्यात भक्तीपेक्षा घाई अधिक होती, एवढेच.

"मी कोठे बसू, महाराज?"

"माळावर बस. वाटेवर बस. झिऱ्यापाशी बसू नकोस."

झिरा म्हणजे कड्याच्या पोटातला खडकाळ खळगा. परातीएवढा. वरच्या भेगेतून त्यात थेंब थेंब पाणी झिरपे. पाऊस ओळीने काही वर्षे रुसला होता. त्या डोंगरावर उन्हाळ्यात तेवढेच पाणी उरले होते.

"झिऱ्यापाशी का नको?"

महाराज काही बोलणार, तोच धोंडगिरी आला. तो मठाचा स्वयंपाक करी आणि सर्वांची थट्टा करी. डोक्यावर जळणाची मोळी, घसा सुकलेला. मोळी टाकून तो अच्युतापुढे उभा राहिला.

"पंडित, जरा सरता का? घागरीच्या वाटंतच बसलाय तुम्ही."

अच्युत सरला. धोंडगिरी घटाघटा पाणी प्याला आणि गेला.

महाराज म्हणाले, "पाहिलेस? माणसाला 'सर' म्हणता येते."

अच्युताला वाटले, महाराजांनी विषय टाळला.

चैत्र लागला. महाराजांनी दरवर्षीचे मौन धरले.

अच्युत माळावर बसू लागला. सकाळी ऊन चढताना पखुर्ड्यांचा थवा डोक्यावरून झिऱ्याकडे जाई, थोड्या वेळाने परते, आणि माळावर उतरताच नाहीसा होई. दगडांच्या रंगाचे पक्षी दगडांत मिसळत. पिले तर खड्यांसारखी. जवळ जावे, तर सारा माळ निर्जीव. दुरून पाहावे, तर काही दिसत नसे.

"काय पंडित," धोंडगिरी भाकरी वाढताना म्हणे, "पाखरं गावली, का आजबी खडंच राखून आलासा?"

अच्युत भाकरी मोडी. त्याच्या मनात एकच विचार घोळत होता. माळ विस्तीर्ण आहे, पाणी परातीएवढे आहे. नर पोट भिजवत असेल, तर तेथेच भिजवणार. मग जेथे हमखास दिसेल तेथे का बसू नये?

एका सकाळी तो बाभळीच्या काटेरी फांद्या आणि एक गोणपाट घेऊन निघाला. धोंडगिरीने दारातच हटकले.

"महाराजांनी नगं म्हटलंय न्हवं?"

"कारण सांगितले नाही."

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतं?"

"तपासले असते."

"मग तपासा. पण माझं पोतं फाडू नका. त्यात जोंधळं भरायचं हाय."

झिऱ्यापासून हातभर अंतरावर अच्युताने आडोसा उभारला आणि आत मांडी घालून बसला. पहाट फुटण्यापूर्वी यायचे, ऊन डोक्यावर आल्यावर उठायचे. हालचाल नको म्हणून तो जवळच्या तांब्यालाही हात लावीत नसे. ओठ फुटले. पाठीवर घामोळे उठले. त्याला त्याचा अभिमान वाटू लागला. हेही तपच आहे, असे तो मनाशी म्हणे.

थवा आला. झिऱ्यावर फिरला. पुन्हा फिरला. एक नर अगदी खाली आला, आणि पाण्याला न शिवता वर उचलला गेला. थवा परत गेला.

दुसऱ्या सकाळीही तसेच झाले. एक ससा कड्याच्या वळणापर्यंत आला, कान उभारून थबकला आणि मागे फिरला.

अच्युत वाट पाहत राहिला. सरावतील, असे त्याला वाटले.

थवा विरळ झाला. मग दोन-तीनच पक्षी येऊ लागले. मग तेही येईनात. झिऱ्यातले पाणी काठोकाठ भरून खडकावरून ओघळू लागले. ते पाहूनही त्याच्या मनात काही आले नाही.

चैत्र संपला. महाराजांनी मौन सोडले. पहिले वाक्य अच्युतानेच उच्चारले.

"महाराज, क्षमा असावी. नर पाणी नेत नाही. मी खात्री करून घेतली आहे. ते झिऱ्यावर येतात, घिरट्या घालतात, आणि कोरडेच परततात."

"कोठून पाहिलेस?"

अच्युत अंगावरचे गोणपाटाचे धागे झटकू लागला.

"अच्युता... कोठून पाहिलेस?"

"पाण्यापाशी बसून."

महाराज उठले. त्यांनी काठी घेतली, उपरणे खांद्यावर टाकले. अच्युत मागून चालू लागला.

झिऱ्यावर आल्यावर महाराजांनी हात पुढे केला. हाताला आडोसा लागला. काटे लागले. त्यांनी तो पाडला नाही, रागावलेही नाहीत. खाली वाकून उपरण्याचे टोक पाण्यात बुडवले, पिळले नाही, आणि ते तसेच हातात धरून माळाकडे उतरू लागले.

दुपार झाली होती. दगड तापले होते. माळावर येऊन ते थांबले.

"तुझे डोळे चांगले आहेत. शोध."

"काय शोधू?"

"ज्यासाठी आला आहेस ते."

अच्युत एकेक झुडूप पाहत फिरला. आता पाखरांनी त्याला जवळ येऊ दिले. एका तरवडाच्या तोकड्या सावलीत नर उभा होता. पंख किंचित पसरून त्याने खालच्या जमिनीवर सावली धरली होती. माणूस पाहूनही तो उडाला नाही. चार पावले सरकला आणि तेथेच थांबला.

त्याच्या पोटाची पिसे काळ्या चिखलाने वाळून ताठ झाली होती.

अच्युत शिकलेला होता. झिऱ्याला चिखल नाही, खडक आहे, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. काळा चिखल डोंगरापासून कोसांवर असलेल्या तलावाचा. नर तेथवर जात होता, पोट भिजवत होता, आणि परत येईतो डोंगराचे वारे ते पोट वाळवून टाकत होते. रोज.

नर सरकला होता त्या जागी तीन पिले होती. खड्यांच्या रंगाची. चोची उघड्या होत्या. हलत एकही नव्हते.

"महाराज..." अच्युताने हाक मारली.

महाराज आवाजाच्या रोखाने आले. गुडघे टेकून बसले, हाताने जमीन चाचपली. बोटे पहिल्या पिलाला लागली तशी थांबली. उपरणे अजून ओले होते. त्यांनी त्याचे टोक उघड्या चोचीवर धरले आणि हलके दाबले. थेंब आत पडला. दुसरा पडला. तिसरा चोचीवरून ओघळून मातीत गेला.

दुसऱ्या पिलावर. तिसऱ्या पिलावर.

माती प्याली.

"असे नेतो तो," महाराज म्हणाले. "तुला पाहायचे होते ना? ...पाहा."

अच्युत तेथेच बसला. त्याने त्या माळावर आणखी काय काय पाहिले, ते येथे सांगत नाही. झुडपे पुष्कळ होती.

सूर्य कलला तेव्हा तो महाराजांच्या पायांशी आला.

"मी जातो, महाराज. या डोंगरावर राहण्याची माझी योग्यता नाही."

"डोंगर तुझा आहे," महाराज म्हणाले.

अच्युताला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"झिऱ्याच्या वाटेवर कड्याचे वळण आहे, तेथे रोज सकाळी बस. ऊन चढेपर्यंत गुराखी, शिकारी, कुत्रे, विद्वान, कोणालाही वर जाऊ देऊ नकोस. आणि पाण्याकडे पाठ कर. वळून पाहायचे नाही."

"किती काळ?"

"पाखरे तुला दगड समजेपर्यंत."

"आणि त्यानंतर?"

"दगड वळून पाहतो काय?"

ते वर्ष तसेच गेले. त्या उन्हाळ्यात थवा पुन्हा आला नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. अच्युत वळणावर बसून राहिला. गुराख्यांनी शिव्या दिल्या. शहरातून मित्र आला, त्याच्याजवळ उत्तम दुर्बीण होती. अच्युताने हात जोडून त्याला खालूनच परतवले.

"तू तरी पाहिलेस का?" मित्राने विचारले.

"नाही."

मित्र हसला आणि गेला. विद्वानांत पुढे त्याचे नाव झाले. अच्युताचे झाले नाही.

मग एका चैत्रात मागे पंख वाजले. दोन पक्षी असावेत. अच्युताच्या डोळ्यांतून पाणी आले, पण तो वळला नाही. वर्षे लोटली, दोनांचे अनेक झाले. रोज सकाळी त्याच्या पाठीशी पाणी हाले, पंख फडफडत, ओली पोटे खडकावर घासल्याचा आवाज येई. जगात जे पाहायला तो आला होता, ते त्याच्या पाठीमागे काही पावलांवर रोज घडत होते.

त्याचे केस पिकले. महाराजांची दृष्टी पूर्ण गेली. एका सकाळी धोंडगिरीच्या खांद्यावर हात ठेवून ते वळणापर्यंत आले आणि अच्युताशेजारी बसले. धोंडगिरी खाली उतरला.

दोघांची पाठ पाण्याकडे होती.

थवा आला. पाणी हालले. बराच वेळ हालत राहिले. मग सारे पंख एकदम उठले, आणि डोक्यावरून सावल्या माळाकडे निघाल्या. एक नर अगदी खालून गेला.

अच्युताच्या मनगटावर एक थेंब पडला.

तो त्या थेंबाकडे पाहत राहिला. मग लहान मुलासारखे त्याने मनगट महाराजांपुढे धरले. त्यांचे बोट हातात घेऊन त्या ओलाव्यावर टेकवले.

"महाराज... हा पाहा. पुरावा. आता तरी..."

महाराजांनी बोट उचलले नाही. ऊन तापत होते. बोटाखालचा थेंब आटला, तेव्हा ते बोलले.

"हा कोणाच्या तरी वाट्याचा होता, अच्युता."