हत्तींसाठी मागितलेलं प्रीतिसदन

ख्रिस्ती पाळक शामुवेलराव आशीर्वाद देताना एक शब्द जास्त बोलले आणि म्हाताऱ्यांना आसरा देणाऱ्या त्यांच्या प्रीतिसदनावर गदा आली!

निंबळगडच्या रणधीरराव महाराजांचा वाढदिवस होता. रिवाजाप्रमाणे महाराजांनी सज्जातून हजार गोरगरिबांना वहाणांचे हजार जोड वाटले. पाळक म्हणाले, "देवाने महाराजांना परोपकार दिलाच आहे, आता प्रीतीही देवो!"

"म्हणजे? ती आमच्याकडे नाही?" महाराज कडाडले.

"तसं नव्हे, महाराज. आमच्या धर्मात..."

"परोपकार काय, प्रीती काय, एका कामाला दोन नोकर! एकाला काढून टाका! आमचं अन्नछत्र असताना तुमचं ते प्रीतिसदन हवं कशाला? तिथे आमचे हत्ती बांधू!"

पाळकांनी हात जोडले. महाराज म्हणाले, "बरं! दोन्हींतला फरक उद्या दिवस मावळायच्या आत आमच्या हातावर आणून ठेवा. प्रवचन नको, पोथी नको. फरक हवा!"

आता फरक हातावर ठेवायला तो काय गुळाचा खडा आहे? पाळकांनी घरी येऊन डोक्याला हात लावला. सदनात अकरा म्हाताऱ्या होत्या, घरी दिवसभर सांभाळायला कुणी नसलेल्या. त्यांतलीच एक वहाणा शिवणाऱ्या याकोबची आंधळी आई. याकोबची मुलगी मार्था तिला रोज भाकरी भरवायला यायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पाळकसाहेब, प्रवचन नकोय ना त्यांना? मग तुम्ही घरीच बसा, मी जाते!" ती म्हणाली आणि आरी-दोरा घेऊन कामाला बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना मार्था भरदरबारात उभी राहिली. तिने पिशवीतून एक जोड काढला.

"महाराज, हा कालच्या दानातला. जरा पायात घाला."

महाराजांनी पाय घातला आणि ओरडले, "अगं आई गं! हा तर आमच्या रोजच्या जोड्यासारखाच चावतोय!"

"चावणारच! साचा एकच आहे ना!"

खरंच होतं ते. राजाच्या पायाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. राज्याभिषेकाला, पंधराव्या वर्षी, त्यांच्या पायाचा एकदाच लाकडी साचा केला होता. राजाचे जोडे त्यावरच बेतत आणि दानात कमी माप नको म्हणून गरिबांचेही त्यावरच! महाराज आता पन्नाशीला आले होते. पाय वाढला होता, पण सांगणार कोण? महाराज लंगडत आणि सगळ्यांवर खेकसत, आणि निम्मं गाव राजाच्या वहाणा काखेत मारून अनवाणी चालत असे.

मार्थाने दुसरा जोड काढला. महाराजांनी तो घातला, उभे राहिले, चार पावलं चालले. मग दरबाराला एक फेरी मारली. मग आणखी एक! प्रधान मागे धावून धावून दमले.

"माप कुठून आणलंस गं?"

"नदीच्या घाटावरनं. तुम्ही अंघोळीला येता तेव्हा चिखलात पाय उमटतो. मी पाण्याला येते. तीन वर्षं बघतेय, तुमची करंगळी रोज जास्तच दुमडतेय. जीव हळहळायचा माझा."

महाराजांनी नव्या वहाणेत करंगळी हलवून पाहिली. मग त्यांच्यातला हट्टी राजा पुन्हा जागा झाला. "पण आम्ही तर तुझ्या आजीला बाहेर काढायला निघालोय! तरी आमच्यासाठी जोड शिवलास?"

"हुकूम तुमच्या तोंडानं दिला, महाराज. पायाचा त्यात काय दोष?"

दरबारी खाली मान घालून हसू दाबू लागले.

"पण फरक हातावर ठेवायचा ठरला होता!"

"हातावर परोपकार असतो. काल हजार जोड तुमच्या हातानं गेले, एकाही पायाकडे तुम्ही बघितलं नाहीत. म्हणून फरक पायात आणून ठेवला. अजून पटत नसेल तर पुन्हा तो पहिला जोड घाला!"

"नको, नको!" महाराजांनी दोन्ही पाय सिंहासनाखाली ओढले आणि पोट धरधरून हसले. "हत्ती जिथे आहेत तिथेच राहू देत! प्रीतिसदन कायमचं तुमचं. आणि तुला काय हवं, बोल!"

"पुढच्या वाढदिवसासाठी हजार पायांची मापं हवीत, माणशी एक. ती घ्यायला एक माणूस द्या, खाली वाकायची लाज नसलेला."

महाराजांनी दरबारावरून नजर फिरवली. जो तो छताकडे बघू लागला. मग महाराजांनी पायातल्या नव्या वहाणांकडे पाहिलं आणि ते पुन्हा खो खो हसले.

"आलं लक्षात! पण पोरी, आमची कंबर धरते हं!"

"मग उद्यापासूनच सुरुवात करा, महाराज. रोजचे तीनच पाय, वर्षात हजार होतील!"