माना टाकलेली रोपं

"आक्का, पालकांना फोन करून टाकू? शाळा रद्द म्हणून सांगतो."

शेवंताआक्का रानाच्या बांधावर चिंचा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"का रं? पोरं उद्या सकाळी येणार न्हवं?"

"म्हणूनच."

सुहास शेतकी कॉलेजात पहिला आलेला. नोकरी सोडून माणदेशातल्या या गावात त्याने शहरातल्या बावीस मुलांसाठी दहा दिवसांची उन्हाळी शाळा आखली होती. निसर्ग, शेती आणि गाव, तिन्ही शिकवणारी. रान आक्काचं. ही पहिलीच शाळा फसली, तर पुढच्या वर्षी मुलं कोण पाठवणार?

आणि वैशाखात रान नांगरून उघडं पडलेलं. नुसती ढेकळं. मुलांच्या नजरेला काहीतरी हिरवं पडावं म्हणून त्याने काल दुपारी, कुणालाही न विचारता, वांग्याची तीनशे रोपं लावली होती. आज सगळ्यांनी माना टाकल्या होत्या.

"तुझा दहा दिसांचा कागद वाच बघू," आक्का म्हणाली.

"पहिला दिवस, लागवड. चौथा, खुरपणी. दहावा, काढणी."

"दहा दिसांत काढणी? माझा सासरा असता तर तुझ्या पाया पडला असता."

सुहासला हसू आलं नाही. तो उठला आणि रोपं उपटू लागला. निदान मुलांना दिसायला तरी नकोत.

आक्का सावकाश चालत आली आणि वाफ्यातच मांडी घालून बसली.

"ऊठ ना आक्का. ऊन बघ किती आहे."

"तू उपटायचं थांबीव, मग उठते."

"मग मुलांना दाखवू काय?"

"हीच दाखीव."

"आणि कुणी लावली विचारलं तर?"

आक्काने त्याच्या हातातलं उपटलेलं रोप घेतलं आणि परत वाफ्यात रोवलं.

सकाळी बावीस मुलं वाफ्याभोवती उभी राहिली. सुहास पुढे झाला.

"ही मी लावली. मेली. का मेली, ते मला नीट माहीत नाही."



"सर, तुम्हालापण माहीत नाही?" रेवा नावाच्या मुलीने विचारलं. तिचा चेहरा एकदम खुलला होता. "मग कुणाला माहीत असेल?"

मुलं विचारायला गावात पळाली. महिनाभर सुहासला रामरामापलीकडे एक शब्द न बोललेले मल्हारी आबा काठी टेकत वाफ्यावर आले.

"भर दुपारी लावली व्हय? वर पाल्याची सावली नको करायला?"

"सावलीनं काय हुतंय?" मागून आलेली हौसाबाई म्हणाली. "रोहिणीचं नक्षत्र लागायच्या आधी रान तापू द्यावं. किडं मरत्यात."

"तुझ्या रानात कधी मेलं गं?"

झालं, दोघांची जुंपली. मुलं एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. एकाने तापलेलं ढेकूळ उचललं आणि चटका बसून टाकलं. मग तो तिथेच उकरत बसला. वीतभर खाली माती गार लागली, तेव्हा त्याने सगळ्यांना हाका मारल्या. आबा आणि हौसाबाईसुद्धा भांडण सोडून वाकून बघायला आले.

दुपारी हौसाबाईच्या ओसरीवर आठजण भाकरी थापायला बसले होते. एकही गोल झाली नाही. तिने सगळ्या खायला लावल्या.

दिवस कलताना सुहास आक्काच्या दारात आला. दोन दिवसांनी आज त्याला सपाटून भूक लागली होती.

"आक्का, कागदावरचं एकसुद्धा झालं नाही गं," तो म्हणाला आणि आपला आपणच हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

आक्काने त्याच्यापुढे ताकाचा तांब्या ठेवला. त्याने तो एका दमात अर्धा केला. मग तांब्या खाली ठेवला.

"पण उद्या काय शिकवू?"

"आज गुमान झोप," आक्का म्हणाली. "आन् झोपायच्या आधी तुला काय काय येत न्हाई, तेवढं आठवून ठेव."