बयना सुईण आणि न रडणारी बाळं

आजच्या म्हाताऱ्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. बालाघाटाच्या एका घळीत हिंगणदरा नावाचं गाव होतं. गावात आळ्या दोन, वरची आणि खालची. देवी मात्र एकच आणि तिची पालखीही एकच.

एका चैत्रात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून भांडण पेटलं. आधी काठ्या निघाल्या, मग कोयते निघाले. ऊन कलायच्या आत दोन्हीकडची माणसं पडली. पालखी तशीच वाटेत राहिली.

दोन्ही आळ्यांनी आपापल्या मेलेल्यांना अग्नी दिला. समोरच्यांच्या मेलेल्यांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. एकाच्याही पिंडाला कावळा शिवला नाही. पुढे कुणाला भरदुपारी पालखीपुढची हलगी ऐकू यायची, कुणी धुतलेले हात पुन्हा पुन्हा धुवायचं. आणि गावात जन्मणारी बाळं रडेनाशी झाली. दूध प्यायची, वाढायची, उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडायची, पण आवाज म्हणून नाही. आया त्यांना चिमटे काढून बघायच्या आणि स्वतःच रडायच्या.

वरच्या आळीत बयना नावाची सुईण होती. दोन्ही आळ्यांतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. तिचा एकुलता एक मुलगा मैपती त्या भांडणात गेला होता. कुणाच्या हातून, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बयना अजून रडली नव्हती.

शिवेवर सटवाईचा दगड होता. बाळाचं नशीब लिहिणारी ही देवी. बयनानं जन्मभर तिचंच नाव घेऊन नाळ कापली होती. एका दुपारी ती दगडापाशी गेली आणि देवीला जाब विचारत बसली. मग तिनं दगडाला कान लावला, तर आतून रडणं ऐकू आलं, असं म्हणतात. गावातल्या साऱ्या बाळांचं रडणं. त्यातलं एक तिनं लगेच ओळखलं. मैपती जन्मला तेव्हा अगदी असाच रडला होता. बयनाला उमगलं: एकमेकांच्या मेलेल्यांच्या वाट्याचं रडणं गावानं दिलं नाही, म्हणून सटवाईनं बाळांचं ठेवून घेतलं.

ती उठली, तर समोर खालच्या आळीतला हैबती उभा. मैपतीवर कोयता त्यानंच टाकला होता. त्याची बायको सुंद्रा कालपासून अडली होती, पण मागायचं कोणत्या तोंडानं, म्हणून तो लांबच थांबला होता. पदर खोचून बयना त्याच्या पुढे चालू लागली.

मुलगी झाली. पण ती रडेना आणि श्वासही घेईना. अंग निळं पडू लागलं. बयनानं तिला चोळलं, उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. शेवटी तिनं हैबतीला आत बोलावलं आणि पोर त्याच्या हातांवर ठेवली.

"मैपतीचं नाव घे," ती म्हणाली. "त्याच्यासाठी रड."

"आक्का, कोयता माझा व्हता."

"ठाव हाय मला. येतानाबी ठाव व्हतं. नाव घे."

हैबतीनं नाव घेतलं. आधी हळू, मग मोठ्यानं, आणि मग तो गुडघ्यांवर कोसळून रडला. त्याच्या हातांवरची पोर थरथरली आणि तिनं टाहो फोडला. तो आवाज मैपतीचा होता, असं म्हणतात. तो ऐकून बयना भिंतीला टेकली आणि तिलाही रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती हैबतीला घेऊन दारोदार फिरली. वरच्या आळीत लोकांनी त्याच्यावर धोंडे उचलले, तेव्हा ती मध्ये उभी राहिली. सगळ्यांना तिनं सटवाईपाशी नेलं आणि आधी आपणच खालच्या आळीतल्या मेलेल्यांची नावं घेतली. कोण पायाळू जन्मला, कोण पावसात जन्मला, तेही सांगितलं. मग एकेकाला कंठ फुटला. त्याच वेळी तिकडे घराघरांतून मुलं रडू लागली, पायांवर चालणारीसुद्धा.

बयनानं हैबतीला माफ केलं की नाही, ते कुणी सांगत नाही. त्याच्या घरचं पाणी ती कधी प्याली नाही. त्याच्या मुलीला न्हाऊ घालायला मात्र रोज जायची. म्हातारपणी एकदा ती शिवेकडे गेली, ती परतली नाही. दगडानंच तिला आत घेतलं, असं म्हणतात.

आजही चैत्रात दोन्ही आळ्या तिथं जमतात. हलगी वाजत नाही. वरचे खालच्यांच्या मेलेल्यांची नावं घेतात, खालचे वरच्यांच्या. प्रत्येक नावानंतर सगळे गप्प होतात आणि वाट बघतात. दगडाच्या आतून बयनाचा बारीक हुंकार आला, की मगच पुढचं नाव.