उन्हात धरलेला टॅब

एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचा मला कंटाळा आहे, पण ही गोष्ट सांगाच म्हणून सून ऐकत नाही. शारदा तिचं नाव. भर उन्हात घरोघर फिरून ती आजाऱ्यांच्या नोंदी घेते. साठवलेल्या पैशांत एकच टॅब येणार होता, निवड चुकायला नको म्हणून मला सोबत नेलं.

दुकानदार सुहास भिंगारकर म्हणाला, "हाच घ्या. एकशे अठ्ठावीस जीबी, भरपूर जागा. शेजारच्यात निम्मीच."

"स्क्रीन अंधुक वाटतेय," मी म्हटलं.

"आजोबा, किती शिकलात?"

"दुसरी."

"मग अडाण्यानं मध्ये बोलू नये."

गिऱ्हाइकं हसली.

मी जन्मभर लुगडी विणली. लुगड्याचा रंग आम्ही दिव्याखाली पारखत नाही. टॅब उचलून दाराबाहेर उन्हात धरला. "शिकलेले ना तुम्ही? वाचा."

त्यानं डोळे बारीक केले, हाताचा आडोसा केला. एक अक्षर दिसेना.

"म्हणजे उन्हात आपण दोघंही अडाणी," मी म्हटलं. "तो शेजारचा, निम्म्या जागेचा पण उजळ आहे, तो दाखवा."

शारदानं विचारलं, "त्यात मेमरी कार्ड बसतं?"

"बसतं, पण जागा कमी..."

"जागा कार्डानं वाढेल," मी म्हटलं. "उजेड कशानं वाढवाल?"

शारदानं तोच घेतला. आता भर दुपारी त्यावर नोंदी करते. चारचौघांत मला अडाणी म्हटल्याची माफी तेवढी यायची आहे, सुहास भिंगारकरकडून.